खाला तेहतीस

तुरियाच्या संग्रहातली सगळ्यात मोलाची रेकॉर्ड तिला भांडणातून मिळाली, आणि तिचा स्वभाव पाहता ते योग्यच झालं.

१९७५ सालचा गुरुवार होता. कासाब्लांकातल्या दर्ब सुलतान वस्तीच्या हमामात बायकांची ही गर्दी. एकोणीस वर्षांची तुरिया काळा साबण अंगाला चोळून बसली होती, तेवढ्यात फरशीच्या फटींतून धूर यायला लागला. भुशाचा नेहमीचा धूर नव्हे. जळक्या टायरसारखा, घशाला चावणारा. बायका खोकून बेजार झाल्या. कुणी म्हणालं, मेला जुनी पायताणं जाळतोय. बाकीच्या नुसत्या शिव्या देत बसल्या. तुरियाने मात्र ओल्या केसांवर जेलाबा या पायघोळ झग्याची टोपी ओढली आणि ती थेट मागच्या गल्लीत, पाणी तापवायच्या भट्टीवर गेली.

"बा सालेम, तुम्ही आम्हाला अंघोळ घालताय की सार्डिन माशांसारखं धुरावर धरताय?"

भट्टीवाला म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "माझ्यावर कशाला चिडतेस, पोरी? एक जण पोतंभर रेकॉर्डी घेऊन आला. म्हणाला, माझ्यासमोर जाळ. संपत येईस्तोवर इथंच उभा होता. आत्ता गेला."

पोत्याच्या तळाशी अजून पाच-सहा छोट्या रेकॉर्डी होत्या. प्रत्येकीवर हाताने छापलेलं जाड कागदाचं पाकीट, पाकिटावर मिठागराचं चित्र आणि एकच शब्द: 'मिल्ह'. म्हणजे मीठ. बा सालेमने एक तिच्या हातात कोंबली. "ही घे आणि तोंड बंद ठेव." तुरियाने एक घेतली आणि तोंड बंद ठेवलं. तिच्या आयुष्यात असं फार वेळा झालं नाही. सगळ्या का नाही उचलल्या, या विचाराने मात्र ती पुढं अडतीस वर्षं स्वतःवर चरफडत राहिली.

घरी वडिलांचा पेटीसारखा प्लेअर होता. आईने एकदा त्यावर कणकेची परात आपटली होती, तेव्हापासून त्याचा वेगाचा खटका मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवर अडकलेला. तुरियाने रेकॉर्ड लावली. आधी बोटीच्या इंजिनासारखी धडधड ऐकू आली, मग पत्र्यावर काहीतरी घासल्याचा आवाज, मग दूरचा ऑर्गन. आणि मग एक बाई गायला लागली. आवाज खोल, जड, सावकाश. कुणाची घाई नाही आणि कुणाची भीती नाही असा. शब्द साधे होते. "दार लावू नका. मी अजून बाहेर आहे."

तुरिया उठली आणि तिने सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

तेव्हापासून तिला ते वेड लागलं. नावाजलेल्या गायकांच्या रेकॉर्डी तिने कधी घेतल्या नाहीत. तिला हवी ती चार पोरांनी गॅरेजमध्ये केलेली विचित्र गाणी: कुणी बादली वाजवतंय, कुणी रेडिओची खरखर मधे घालतंय, कुणी उलटं गातंय. अशी गाणी लोक दोनशे प्रतींत काढायचे, त्यांतल्या वीस खपायच्या, बाकीच्या दर्ब गल्लेफच्या बाजारात जुन्या पंख्यांखाली सापडायच्या. टेलिफोन एक्सचेंजमधली पाळी संपवून तुरिया तिथं जायची, गुडघ्यांवर बसून खोकी उपसायची. पुढं तिच्याकडे साडेतीनशे झाल्या. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत त्या बरोबर उभ्या बसत, आणि घरात पाहुण्याला बिस्किट म्हणून डबा उघडला की रेकॉर्डीच निघत.

तिचा नवरा लारबी बसचालक. माणूस सरळ, पण जिभेला हाड नव्हतं. म्हणायचा, "इतर बायका सोनं साठवतात. माझी बायको गोंगाट साठवते. चोर आला तर बिचारा कानात बोळे घालून पळेल."

पण 'मिल्ह' ही नुसती संग्रहातली रेकॉर्ड नव्हती. पहिल्या मुलीनंतर सासू म्हणाली, नोकरी पुरे झाली आता. तुरियाने त्या दुपारी ते गाणं दोनदा लावलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर गेली. एक्सचेंजच्या साहेबाने लग्न झालेल्या बायकांना बाजूच्या खात्यात ढकलायचं ठरवलं, तेव्हा बाकीच्या रडल्या, तुरिया साहेबासमोर जाऊन सावकाश, खालच्या पट्टीत म्हणाली, "मी माझी खुर्ची सोडणार नाही." तो आवाज तिने कुठून उचलला होता हे तिचं तिलाच ठाऊक होतं. 'नाही' कसं म्हणायचं ते तिला त्या बाईने शिकवलं होतं, आणि ती बाई कोण हे तिला माहीत नव्हतं.

पुढं चांगला प्लेअर आला. त्यावर तिने 'मिल्ह' एकदा पंचेचाळीसवर लावून पाहिली. चिमणीसारखी चिवचिव ऐकू आली. तिने लगेच खटका फिरवला. छोटी रेकॉर्ड पंचेचाळीसची असते हे तिला काय कळत नव्हतं? पण या तऱ्हेवाईक मंडळींचा काही नेम नसतो. तिच्या डब्यांत अशा दोन छोट्या रेकॉर्डी होत्या ज्या खरोखरच तेहतीसच्या होत्या, आणि 'मिल्ह'वर तर वेगाचा आकडा छापलेलाच नव्हता. अशा वेळी कान सांगेल ते खरं, हा संग्राहकांचा जुना नियम. तुरियाने नियम पाळला.

दर्ब गल्लेफमध्ये मिलूदचं रेकॉर्डींचं दुकान आहे. शुक्रवारी कुसकुस खाऊन झालं की आठ-दहा वेडे तिथं जमतात. प्रत्येकाने एक रेकॉर्ड आणायची, नाव न सांगता लावायची, आणि संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. तुरिया वीस वर्षं जात होती. 'मिल्ह' तिने कधी नेली नव्हती. काही गोष्टी चारचौघांत काढायच्या नसतात.

मग अनीस आला. हा मूळचा कासाब्लांकाचाच, पण ब्रसेल्सला वाढलेला. जुनी विसरलेली गाणी नव्याने छापून विकणाऱ्या एका छोट्या कंपनीचा माणूस. वय चाळीस, चष्मा गोल, आणि सगळ्यातलं सगळं माहीत. कानामागून आली आणि तिखट झाली, तशातली गत. २०१३च्या एका शुक्रवारी तो चहाचा पेला फिरवत म्हणाला, "मिल्ह नावाचा एक गट होता. एकच रेकॉर्ड काढली, दोनशे प्रती. आज जगात एकही शिल्लक नाही. गेली ती."

तुरियाच्या नाकावर कधी माशी बसत नसे. ती म्हणाली, "जगात म्हणजे तुझ्या जगात?"

पुढच्या शुक्रवारी तिने बिस्किटाचा डबा नेला. सगळ्यांदेखत रेकॉर्ड काढली, प्लेअरवर ठेवली आणि खटका तेहतीसवर केला. पाकिटावरचं मिठागर पाहून अनीस उभाच राहिला होता. धडधड सुरू झाली, आवाज सुरू झाला. नियम म्हणून कुणी बोललं नाही. पण अनीसच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला, मग त्याने मिलूदकडे पाहिलं, मिलूदने मिशीवर हात ठेवला. गाणं संपलं.

"खाला," अनीस हळूच म्हणाला, "वेग चुकलाय."

"वेग बरोबर आहे."

"ही पंचेचाळीसची आहे. ऐका." त्याने तिला न विचारता खटका फिरवला. तीच गाणारी आता सोळा-सतरा वर्षांच्या पोरीसारखी, खट्याळ, धापा टाकत म्हणत होती, "दार लावू नका, मी अजून बाहेर आहे." जणू पोरगी खेळून उशिरा आली आहे आणि आईची मनधरणी करते आहे. पत्रा नीट वाजत होता, ऑर्गन नाचत होता. सगळं बरोबर बसत होतं. तुरियालाही ते कळलं.

मिलूदला हसू आवरेना, तरी मानाचं 'लल्ला' त्याने सोडलं नाही. "लल्ला तुरिया, किती वर्षं ऐकताय असं?"

"अडतीस."

मग सगळेच हसले. दुष्टपणाने नव्हे, पण पोट धरून. त्याच दिवशी तिचं नाव 'खाला तेहतीस', म्हणजे तेहतीसवाली मावशी, पडलं. तिने रेकॉर्ड पाकिटात घातली, पाकीट डब्यात घातलं, झाकण घट्ट दाबलं. "हसा," ती म्हणाली. "हसणाऱ्याचे दात दिसतात. मिलूद, तुझे तर दोनच उरलेत."

घरी आल्यावर मात्र स्वयंपाकघरात तिने लारबीला सगळं सांगितलं. लारबी म्हणाला, "अगं, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चालवलीस म्हणून पोचायची ती पोचलीसच ना?"

"ती बाई नव्हतीच, लारबी. मी ज्या बाईचं ऐकून तुझ्या आईला नाही म्हटलं, साहेबाला नाही म्हटलं, ती बाईच नव्हती. परातीने बिघडलेला खटका होता तो."

लारबीने तिच्यासाठी चहा ठेवला आणि साखर दुप्पट घातली.

दोन आठवड्यांनी अनीस दारात. हातात मिठाईचा खोका, आवाजात लोणी. "खाला, तुमची प्रत एकमेव आहे. एक दिवस द्या. त्यावरून नवी छापू, पाचशे प्रती. वर तुमचं नाव, आभार. गाणारी पण सापडली आहे. बतूल नाव. अझम्मूरला राहते, मुलींना भरतकाम शिकवते. परवानगीला तिच्याकडे जातोय."

"मी पण येते."

"तुम्ही कशाला त्रास..."

"रेकॉर्ड माझी आहे. ती माझ्या मांडीवर बसून येईल. तुला यायचं तर तू ये."

ती का निघाली होती, तर तिला त्या बाईला तोंडावर विचारायचं होतं. बतूल म्हणाली असती की पंचेचाळीसच खरं, तर तुरिया ऐकून घेणार होती. पण खटका ती हलवणार नव्हती. आपले कान कुणाला द्यायचे नाहीत, एवढं तिने रस्त्याने ठरवलं. टॅक्सीत सहा माणसं कोंबलेली, बिस्किटाचा डबा मांडीवर, आणि अनीसचा हातातला छोटा प्लेअर तासभर तिच्या गुडघ्याला टोचत होता.

बतूलचं घर नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत. मधल्या चौकात लिंबाचं झाड, भोवती खोल्या. बतूल साठीची, सडपातळ, बोटांना सुईने घट्टे पडलेले. तिने दोघांना आत घेतलं आणि बैठकीच्या खोलीचं दार हळूच लोटून घेतलं. "माझा थोरला भाऊ पलीकडे आहे. मानाने सी अब्बास म्हणतात त्याला. डोळ्यांनी दिसत नाही आता, पण ऐकू सगळं येतं. जरा बेताने बोला."

बतूलचा आवाज ऐकून तुरिया दचकली. घोगरा, खालचा, सावकाश. पण अनीस घाईत होता. त्याने रेकॉर्ड लावली, पंचेचाळीसवर.

बतूल भरतकाम हातात धरून ऐकत राहिली. वर पाहिलंच नाही. मग म्हणाली, "हो. ही मीच. बावीस वर्षांची होते. आवाज असाच होता, चिरका. ती धडधड ऐकताय ना? आमच्या आईचं शिवणयंत्र आहे ते. रेकॉर्ड करायला सार्डिनच्या गोदामात उचलून नेलं होतं आम्ही."

"मी बोट समजत होते," तुरिया म्हणाली.

"बोट?" बतूल हसली. "बरी होती की बोट." मग हसणं थांबलं. "तेव्हा आम्ही कासाब्लांकात राहायचो. सगळ्या प्रती माझ्या खाटेखाली होत्या. एक दिवस पोतं गायब. अब्बास म्हणाला, हमामाच्या भट्टीत गेल्या, आणि पुन्हा तोंड उघडलंस तर तूही जाशील. त्यानंतर मी गायले नाही. मुलींना टाके शिकवताना गुणगुणतसुद्धा नाही."

"दर्ब सुलतानचा हमाम?"

"हो."

"गुरुवार होता. मी आत होते." तुरियाने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "तुमचं पोतं माझ्या फुप्फुसात गेलंय, लल्ला बतूल. मी खोकत भांडायला गेले, म्हणून ही एक वाचली."

तेवढ्यात दार ढकललं गेलं. पांढऱ्या जेलाबातला, जपमाळ घेतलेला म्हातारा चौकटीला हात धरून उभा होता. "ते काय वाजतंय? ते मी जाळलं होतं. बंद करा."

बतूलच्या हातातलं कापड खाली पडलं. साठीची बाई, पण उठून उभी राहिली ती बावीस वर्षांच्या पोरीसारखी, मान खाली. अनीसचा हात सुईकडे गेला. त्याला परवानगी हवी होती, भानगड नको होती.

तुरियाने त्याच्या हातावर चापट मारली. सुई तिने स्वतः उचलली आणि खटका तेहतीसवर ओढला. "ते बंद केलं, सी अब्बास," ती म्हणाली. "ही दुसरी बाई आहे. मी कासाब्लांकाहून आणली. बसा, ऐका."

बोट निघाली. पत्रा घासला. आणि तो जड, खोल आवाज खोलीत आला. अब्बासने मान तिरकी केली, खुर्ची चाचपली आणि तो खरोखर बसला. "ही कोण?" त्याने विचारलं. "ही बाई गाते. त्या पोरीसारखी किंचाळत नाही. कुठली आहे?"

बतूल रेकॉर्डकडे पाहत होती. आपल्याच खाटेखालून कुणीतरी दुसरं उठून यावं तशी ती पाहत होती. दुसऱ्या कडव्याला तिचे ओठ हलले. तिसऱ्याला आवाज आला. आधी घशातच, मग मोकळा. आणि तुरियाच्या अंगावर काटा आला, कारण दोन आवाज वेगळे ओळखता येईनात. अडतीस वर्षांनी म्हातारपणाने त्या बाईचा गळा खाली आणून नेमका तिथं ठेवला होता, जिथं परातीने बिघडलेल्या खटक्याने तो आधीच नेऊन ठेवला होता.

"दार लावू नका," दोघी म्हणत होत्या, बतूल आणि बतूल. "मी अजून बाहेर आहे." यात मनधरणी नव्हती. यात सांगणं होतं.

अब्बासची जपमाळ थांबली. एक आवाज पेटीतून येतोय आणि एक समोरून, हे त्याला उशिरा कळलं. तो उठला. "बतूल! शेजारी ऐकतील."

बतूल थांबली नाही. गातगात तिने चौकाकडचं लोटलेलं दार उघडलं. मग पलीकडे जाऊन गल्लीचंही उघडलं, सताड. गल्लीत भरतकाम शिकायला येणाऱ्या दोन मुली पिशव्या घेऊन उभ्या होत्या. त्या तशाच थबकल्या. तुरिया ते पाहत होती आणि रडत होती, आणि आपण रडतोय याचा तिला रागही येत होता. अब्बासकडे आता पोतं नव्हतं, भट्टी नव्हती, आणि दार कुठल्या बाजूला आहे हेही त्याला दिसत नव्हतं. भिंत चाचपत तो आपल्या खोलीकडे गेला.

गाणं संपल्यावर बतूल धापा टाकत बसली. "तुम्ही मला इतकी वर्षं असं ऐकत होता?"

"असंच. चुकून."

"आणि?"

तुरियाने सासूचं सांगितलं, साहेबाचं सांगितलं. बतूलने खाली पडलेलं कापड उचललं. मग म्हणाली, "मी घरात बसून होते आणि माझा आवाज कामावर जात होता. बरं झालं. कुणीतरी जात होतं."

अनीसने घसा खाकरून कागद पुढं केला. बतूलने सही केली, वळणदार, टाका घालावा तशी. मग अनीस पेन हातात धरून म्हणाला, "एकच बाब राहिली. नव्या रेकॉर्डवर वेग कुठला छापायचा? आता नियमाने पंचेचाळीस..."

"तिला विचारा," बतूल म्हणाली.

तुरिया तोवर रेकॉर्ड पाकिटात घालत होती. पाकीट डब्यात गेलं, पण झाकण तिने अजून लावलं नव्हतं. "काही छापायचं नाही," ती म्हणाली. "जुनीवर नव्हता, नवीवरही नको. हे कबूल असेल तर डबा तुझ्याकडे. नाहीतर मी निघाले."

"खाला, असं कसं? पाचशे माणसं घेतील. निम्मी तरी चुकीच्या वेगाने लावतील."

"लावू देत," तुरिया म्हणाली आणि तिने डबा त्याच्यासमोर सरकवला. "मी अडतीस वर्षं चुकत होते. माझं काय वाईट झालं?"